'चार्ज' या एका नामावर तपासलेला शब्दकोश : ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, दहावी आवृत्ती

कुठलाही इंग्रजी शब्दकोश हातात आला की मी आधी 'चार्ज' काढते. त्यातही क्रियापद बाजूला ठेवून नाम. ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ दस्त टाइप करण्याचं आणि इंग्रजी-मराठी भाषांतराचं माझं काम. प्रतिज्ञापत्रं, बँकेची पत्रं, सातबारे, नोकरीचे आदेश, व्हिसाचे अर्ज असं सगळं टेबलावरून जातं आणि या कागदांत हा शब्द सारखा भेटत राहतो. दर कागदात अर्थ निराळा. ज्या कोशाला 'चार्ज' नीट मांडता आला त्याला बाकीचे शब्दही मांडता येतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीच्या २०२० च्या दहाव्या आवृत्तीबद्दल मी या एका शब्दाच्या आधारानंच लिहिते आहे. दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षावाले, ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारे आणि भाषांतरावर पोट असलेले, यांना उपयोग व्हावा एवढाच हेतू.

हा शब्द आपण मराठीतच वाढवलेला आहे. नवीन साहेबांनी चार्ज घेतला. मोर्चावर लाठीचार्ज झाला. मोबाइलला चार्जिंग नाही. हॉटेलवाल्यानं सर्व्हिस चार्ज लावला. वॉर्डात इन्चार्ज सिस्टर कोण आहेत? पोलिसांनी चार्जशीट टाकलं. ही वाक्यं रोज कानावर पडतात, त्यामुळे शब्द घरचा वाटतो आणि कोश उघडायची गरज कुणाला भासत नाही. अडचण लिहायला बसल्यावर येते. 'इन चार्ज ऑफ' म्हणायचं की 'इन द चार्ज ऑफ'? एकवचन की 'चार्जेस'? पुढे 'फॉर' येतो, 'ऑफ' येतो की 'अगेन्स्ट'? आणि जिथे 'फी' म्हणायला हवं तिथे 'चार्ज' म्हटलं तर काय बिघडतं? चांगल्या कोशानं या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

माझ्या टेबलावर पूर्वी खिशात मावणारा एक इंग्रजी-मराठी कोश असायचा. प्रकाशकाचं नाव घेत नाही, त्या पद्धतीचे कोश पुष्कळ आहेत. त्यात 'चार्ज'पुढे एका ओळीत भार, किंमत, आरोप, हल्ला, जबाबदारी, ताबा असे शब्द स्वल्पविराम देऊन मांडले होते. त्यातला एकही चुकीचा नव्हता. पण कुठला कधी उचलायचा याबद्दल चकार शब्द नाही, वापराचं एक वाक्य नाही. ज्याला शब्द आधीच येतो त्याला अशी ओळ आठवण करून देते. ज्याला येत नाही तो त्यातला पहिला शब्द उचलून मोकळा होतो, आणि मग 'अतिरिक्त कार्यभार' ऐवजी 'जादा आकार' असं काहीतरी कागदावर उतरतं.

ऑक्सफर्डच्या या कोशात नोंद लांब आहे, पण चाचपडावं लागत नाही. अर्थांच्या गटांवर छोटे मथळे आहेत: पैसा, गुन्हा, जबाबदारी, वीज, हल्ला, स्फोटक, भावना. आपला कागद कशाबद्दल आहे ते माहीत असलं की थेट त्या मथळ्याखाली जायचं. प्रत्येक अर्थाला सोप्या शब्दांत व्याख्या आणि त्याखाली उदाहरणाची वाक्यं. व्याख्येतले शब्द पुन्हा कोशात शोधत बसावं लागत नाही, कारण व्याख्या लिहायला मोजकेच, नेहमीचे शब्द वापरण्याची शिस्त आहे. ही शिस्त एकट्या ऑक्सफर्डची नव्हे. लाँगमननं १९७८ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांत सगळ्या व्याख्या बसवून दाखवल्या, आणि कॉलिन्स कोबिल्डनं १९८७ मध्ये पूर्ण वाक्यात व्याख्या देण्याची रीत आणली. तीनही कोश शिकणाऱ्यासाठी केलेले आहेत, तिन्हींपैकी कुठलाही हाताशी असेल तर काम अडत नाही. मी ऑक्सफर्ड घेतला तो नामांच्या खुणांसाठी आणि समानार्थी शब्दांच्या चौकटींसाठी.

खुणांमागे एक गोष्ट आहे, ती सांगण्यासारखी. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेले. इंग्रजी ज्यांची मायबोली नाही अशा विद्यार्थ्यांना नेमकं काय अडतं ते त्यांनी तिथे वर्गात बसून पाहिलं. इंग्रज मुलाला 'फर्निचर'चं अनेकवचन होत नाही हे शिकवावं लागत नाही. जपानी मुलाला लागतं. मराठी मुलालाही लागतं. म्हणून हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कोशात कुठलं नाम मोजता येतं आणि कुठलं येत नाही ते दाखवलं, आणि क्रियापदांचे वाक्यातले साचे दिले. हा कोश आधी १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो आपल्या नावानं छापला. आज माझ्या टेबलावर आहे तो त्याचाच वंशज. परक्या भाषेत धडपडणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेलं हे काम आहे, आणि ते पानोपानी जाणवतं.

'चार्ज'च्या बाबतीत या खुणांचं मोल पाहा. पैशाच्या अर्थानं शब्द मोजताही येतो आणि न मोजताही वापरता येतो. 'अ‍ॅडमिशन चार्जेस' म्हणताना तो मोजला आहे, 'फ्री ऑफ चार्ज' म्हणताना मोजलेला नाही. म्हणून 'फ्री ऑफ चार्जेस' असं लिहिलं की वाक्य लंगडतं. ठाण्यातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर तसं लिहिलेलं दिसतं. जबाबदारीच्या अर्थानं तो मोजता येत नाही: 'ही टुक चार्ज', त्यात 'अ' नाही आणि शेवटी 'एस' नाही. आरोपाच्या अर्थानं पुन्हा मोजता येतो: 'अ चार्ज ऑफ थेफ्ट', 'थ्री चार्जेस'. एका शब्दाची ही तीन वागणी एका कंसातल्या एका अक्षरानं कळतात. खिशातल्या कोशात ते अक्षर नव्हतं.

आता 'इन चार्ज'. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. 'शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन' म्हणजे मुलं तिच्यावर सोपवली आहेत. 'द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ देअर ग्रँडमदर' म्हणजे मुलं आजीच्या हवाली आहेत. मध्ये एक 'द' आला आणि सांभाळणारा कोण, सांभाळला जाणारा कोण, हे उलटलं. पालकत्वाच्या एका प्रतिज्ञापत्रात हा 'द' नसता तर आजीच्या जागी नातवंडं पालक झाली असती. असा कागद मी शेजारच्या वकीलसाहेबांना दाखवल्याशिवाय पुढे देत नाही, पण दाखवण्याआधी कोशातली उदाहरणं समोर ठेवते. शंका असली की ती वाक्यं मोठ्यानं वाचायची, कान आपोआप सांगतो.

सांभाळल्या जाणाऱ्या माणसालाही 'चार्ज' म्हणतात. 'द नर्स अँड हर चार्जेस' यातले चार्जेस म्हणजे बाईंच्या देखरेखीखालची मुलं. हा अर्थ कोशात औपचारिक किंवा गमतीच्या वापराचा म्हणून दाखवला आहे. ती सूचना महत्त्वाची, कारण पाळणाघराच्या जाहिरातीत कुणी हा शब्द सरळपणे वापरला तर वाचणाऱ्याला दरपत्रक वाटेल.

ऑफिसातला 'चार्ज' मात्र आपल्याकडचा निराळाच आहे. आपल्या सरकारी इंग्रजीत अधिकारी 'अ‍ॅश्यूम्स चार्ज', बदली झाली की 'हँड्स ओव्हर चार्ज', आणि शेजारच्या खात्याचा साहेब रजेवर गेला की 'अ‍ॅडिशनल चार्ज' येतो. मराठीत याला पदभार, कार्यभार, अतिरिक्त कार्यभार असे पक्के शब्द आहेत आणि प्रभारी अधिकारी हा शब्द तर पोलीस ठाण्याच्या पाटीवरही वाचायला मिळतो. लर्नर्स कोश मुख्यतः ब्रिटिश-अमेरिकी वापराभोवती बांधलेला असतो. 'टेक चार्ज' म्हणजे सूत्रं हाती घेणं हे तो छान समजावतो, पण आपल्या तहसील कार्यालयातल्या चार्ज रिपोर्टची चव त्याच्याकडून अपेक्षू नये. तिथे शासन व्यवहार कोश जवळ ठेवावा. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झालं आणि त्यानं काढलेले असे परिभाषा कोश आज नेटवर मोफत पाहता येतात.

पैशाच्या अर्थाकडे येते. इथे मला या कोशाचं सगळ्यात जास्त कौतुक आहे, कारण समानार्थी शब्दांची चौकट. पर्यायी शब्दांची नुसती यादी हवी असेल तर थिसॉरस आहे. पीटर मार्क रोजेनं १८५२ मध्ये पहिला काढला तेव्हापासून लेखक मंडळी त्यावर विसंबतात. पण त्या यादीतला प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या जागी चालतो असं समजून शिकणारा फसतो. ऑक्सफर्डच्या चौकटीत रेट, चार्ज, फी, रेंट, फाइन, फेअर, टोल, रेंटल अशी मंडळी एकत्र बसवून प्रत्येकाची जागा सांगितली आहे.

ठाण्यातल्या माणसाला हे आपल्या रोजच्या खर्चावर तपासता येतं. टीएमटीच्या बसचे आणि रिक्षाच्या मीटरचे पैसे ते फेअर. घरमालकाला देतो ते रेंट. सिग्नल तोडल्यावर भरतो तो फाइन. मुलुंडच्या नाक्यावर कारवाले भरायचे तो टोल; १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना तो माफ झाला, ऐरोली आणि वाशीही त्यातच आले. वकील, डॉक्टर, शाळा, परीक्षा यांना देतो ती फी, म्हणजे जिथे कुणाचं कौशल्य किंवा कुठला हक्क आपण विकत घेतो तिथे फी. आणि कामाबद्दल, सेवेबद्दल मागितलेले पैसे म्हणजे चार्ज. सोसायटीचे मेंटेनन्स चार्जेस, कुरिअरचे डिलिव्हरी चार्जेस, बँकेचे सर्व्हिस चार्जेस. वस्तूला मात्र प्राइस. भाजीवाल्याला 'व्हॉट इज द चार्ज ऑफ टोमॅटो' असं कुणी विचारत नाही. कॉस्ट पुन्हा वेगळा: एखादी गोष्ट पार पाडायला एकूण किती लागले, ते कॉस्ट. फ्लॅटची प्राइस एक असते आणि तो घेण्याची कॉस्ट तिच्याहून बरीच जास्त निघते, हे घर घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हा फरक कागदावर किती काटेकोर असतो ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कळतं. घराचा दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्क द्यावं लागतं, नोंदणी फी द्यावी लागते, आणि पानागणिक दस्त हाताळणीचे पैसे द्यावे लागतात. इंग्रजीत यांची नावं अनुक्रमे स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन फी आणि डॉक्युमेंट हँडलिंग चार्जेस. सरकार म्हणून घेतलेला कर ती ड्यूटी, नोंदणीच्या हक्काची ती फी, आणि पानं स्कॅन करून सांभाळण्याच्या कामाचे ते चार्जेस. तीन शब्द, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. मराठी पावतीवर मात्र शेवटच्या दोन्हींना फीच म्हटलेलं असतं. परदेशातल्या मुलासाठी अशा पावतीचं इंग्रजी करताना दोन्हीकडे फी लिहिली तर खोटं काही नाही, पण मूळ इंग्रजी नावं वापरलेली बरी, म्हणजे पलीकडचा माणूस सरकारी संकेतस्थळाशी ताडून पाहू शकतो.

विजेचं बिल याहून सुंदर आहे. महावितरणचं मराठी बिल काढा आणि मांडणी वाचा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि मग वीज शुल्क. इंग्रजी बिलावर पहिल्या नावांत चार्ज आहे आणि शेवटच्यात ड्यूटी. म्हणजे ज्यानं कुणी हे मराठी केलं त्यानं चार्जला आकार आणि ड्यूटीला शुल्क हा भेद शेवटपर्यंत पाळला. वीज कंपनी जे पुरवठ्याबद्दल घेते तो आकार, सरकारला जातं ते शुल्क. 'आकारणी', 'दर आकारणे' हे शब्द आपल्याकडे होतेच, त्यांतून हे नाम घडलं. कोश घेऊन शिकणाऱ्या मुलांना मी हे बिल समोर ठेवून वाचायला लावते. घरात दर महिन्याला येणारा हा कागद भाषेच्या दृष्टीनं इतका नेटका आहे याकडे कुणाचं लक्ष जात नाही याचं मला वाईट वाटतं.

आरोपाचा अर्थ कोर्ट नाक्यावर दिवसातून कितीदा येतो ते विचारू नका. कोश चार्जच्या जवळचे दोन शब्द वेगळे करून देतो आणि ते मराठीत फार कामाला येतात, कारण आपण तिन्हींना आरोपच म्हणतो. अ‍ॅक्यूजेशन कुणीही कुणावरही करावं, शेजाऱ्यानं शेजारणीवर केलं तरी ते अ‍ॅक्यूजेशन. अ‍ॅलेगेशन म्हणजे पुराव्याशिवाय जाहीरपणे म्हटलेलं, वर्तमानपत्रात 'कथित' असतं ते. चार्ज मात्र अधिकृत, यंत्रणेनं ठेवलेला. त्याच्या संगतीतले शब्दही ठरलेले आहेत: चार्जेस ब्रिंग करतात, प्रेस करतात, ड्रॉप करतात, आणि आरोपी ते फेस करतो. ज्याच्यावर ठेवले त्याच्यापुढे 'अगेन्स्ट', गुन्ह्याच्या नावापुढे 'ऑफ'. हे जोड पाठ केलेले बरे, कारण मराठीतून शब्दशः केले तर 'पुट चार्ज ऑन हिम' असं काहीतरी होतं.

इथे एक सावधगिरी. कोशातली उदाहरणं बहुधा ब्रिटिश पद्धतीची असतात. तिकडे तपासानंतर माणसाला अधिकृतपणे चार्ज केलं जातं आणि तो खटला मग न्यायालयात उभा राहतो. आपल्याकडे टप्पे वेगळे. आधी एफआयआर, म्हणजे प्रथम खबर. तपास झाला की पोलीस न्यायालयात अहवाल देतात, त्यालाच व्यवहारात चार्जशीट किंवा आरोपपत्र म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १७३ खाली येई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली येतो. आणि खरा चार्ज, म्हणजे दोषारोप, तो न्यायालय नंतर निश्चित करतं. एफआयआर झाली म्हणजे चार्ज ठेवला गेला असं होत नाही.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी करणारा एक मुलगा परदेशी व्हिसाचा अर्ज घेऊन आला होता. कॉलेजात असताना भांडणात त्याचं नाव एफआयआरमध्ये आलेलं. अर्जात प्रश्न होता, तुम्हाला कधी एखाद्या गुन्ह्यात 'चार्ज' केलं गेलं आहे का? 'मॅडम, हो लिहू की नाही?' त्याचा घसा कोरडा पडला होता. मी त्याला कागदाचे टप्पे समजावून दिले, आरोपपत्र दाखल झालं का, न्यायालयानं दोषारोप ठेवला का, हे आधी वकिलाकडून काढायला सांगितलं, आणि अर्जावर काही लिहिण्याआधी त्यांचाच सल्ला घे म्हटलं. कोशातला अर्थ वाचून 'हो' किंवा 'नाही' लिहिण्याची ही जागा नव्हे. कोश इथे एवढंच करतो की प्रश्न किती गंभीर आहे ते कळतं.

आता जिथे या कोशाचं काम संपतं तो अर्थ. मुरबाडकडचे साठी उलटलेले एक शेतकरी मुलाबरोबर आले होते. हातात बँकेचं इंग्रजी पत्र, त्यात जमिनीवर बँकेचा 'फर्स्ट चार्ज' राहील असं वाक्य. मुलानं मोबाइलवरच्या एका ॲपमधून ते मराठीत काढून वडिलांना वाचून दाखवलं होतं: सदर जमिनीवर बँकेचा पहिला आरोप राहील. काका खुर्चीच्या टोकावर बसले होते. 'ताई, आमच्या जमिनीवर आरोप कसला? आम्ही एक हप्ता थकवला नाही.'

'काका, आरोप नाही. बोजा. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा चढतो ना, तोच.'

'बोजा होय!' ते मागे टेकले. 'मग बोजा म्हणा की. तो तर चढायचाच.' आणि मुलाकडे वळून, 'तुला कितीदा सांगितलं, कागद माणसाकडून वाचून घ्यावा.'

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०० मध्ये या चार्जची व्याख्या आहे. एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशाला तारण ठरते, पण व्यवहार गहाणाचा नसतो, तेव्हा त्या दुसऱ्याचा तिच्यावर चार्ज असतो. गहाण वेगळं, ते कलम ५८ मध्ये येतं. 'फर्स्ट' म्हणजे वसुलीच्या रांगेत बँक पहिली. इतका तांत्रिक अर्थ शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात शोधू नये. तिथे अधिनियम, न्यायव्यवहार कोश आणि महसुलाच्या कागदांची भाषा हेच उपयोगी. सातबाऱ्यावरचा 'बोजा' हा शब्द कुणा भाषांतरकारानं टेबलावर बसून घडवलेला नाही, शेतकऱ्याच्या तोंडात तो आधीपासून आहे, आणि म्हणूनच काकांना क्षणात कळला.

तो इतका चपखल का बसतो, याचं उत्तर शब्दाच्या मुळात आहे. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून गाडीत माल भरणं, ओझं लादणं या अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत चार्ज होऊन आलं. कार, कॅरी, कार्गो हे सगळे याच कुळातले. मूळ अर्थ ओझं. माणसावर कामाचं ओझं टाकलं की जबाबदारी, पैशाचं टाकलं की आकार, दोषाचं टाकलं की आरोप, बंदुकीत दारू भरली की स्फोटकाचा चार्ज, तारेत वीज भरली की प्रभार, आणि जमिनीवर कर्ज चढलं की बोजा. एवढं ध्यानात ठेवलं तर कोशातले मथळे सुटे राहत नाहीत. मराठीनंही 'भार' याच एका शब्दाभोवती पदभार, कार्यभार, प्रभार बांधले हे मला फार आवडतं. शब्दाची व्युत्पत्ती छापील कोशात शोधत बसण्यापेक्षा ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर पाहावी, तिथे ती नोंदीखाली उलगडून ठेवली आहे.

उरलेले अर्थ पटकन. विजेचा चार्ज पाठ्यपुस्तकात धनप्रभार-ऋणप्रभार म्हणून येतो, शास्त्राच्या मुलांना तो आधीच माहीत असतो. मोबाइलचं आपण 'चार्जिंग संपलं' म्हणतो, इंग्रजीत तसं म्हणत नाहीत, बॅटरी डेड झाली म्हणतात. बोलण्यात आपलंच चालू द्यावं, पत्रात लिहू नये. हल्ल्याचा चार्ज म्हणजे समोरच्यावर तुटून पडणं, लाठीचार्ज त्यातूनच बनला. भावनेचा चार्ज मला भाषांतरात फारसा भेटत नाही.

जुन्या कोशांची आवड असणाऱ्यांना एक सुचवते. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश स्कॅन होऊन नेटवर आहे. एकेका इंग्रजी शब्दाला तेव्हाच्या बोलीतले, बाजारातले, शेतातले मराठी शब्द त्यात सापडतात. रोजच्या कामाला तो पुरणार नाही, पण आपल्या शब्दांची श्रीमंती पाहायला रविवारी उघडावा असा आहे.

खरेदीबद्दल. छापील प्रत जाड आहे, टाइप बारीक आहे, प्रवासात नेण्याजोगी नाही; टेबलावर कायम उघडी ठेवायची. मी राम मारुती रोडवरून घेतली. पैसे जपून वापरायचे असतील तर ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीजचं संकेतस्थळ मोफत आहे, त्यात ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही उच्चार ऐकता येतात. 'चार्ज'च्या ब्रिटिश उच्चारात मधला र ऐकूच येत नाही, अमेरिकीत येतो. मुलाखतीला जाणाऱ्यांनी दोन्ही ऐकून घ्यावेत आणि आपल्याला जमेल तो धरावा. ऑक्सफर्ड ३००० या नेहमीच्या शब्दांच्या यादीतले शब्द आणि त्यांची पातळी तिथे दाखवलेली असते, शिकवणी घेणाऱ्यांना त्यावरून धडे आखता येतात.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी दोन्ही घ्यायला सांगते: घरी एक छापील, फोनवर संकेतस्थळ. छापीलमध्ये शोधताना शेजारच्या नोंदीही नजरेखालून जातात. दहावीच आवृत्ती हवी असा आग्रह धरू नका. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आठवी किंवा नववी स्वस्तात मिळाली तरी घ्या. नव्या आवृत्तीत भर पडते ती मुख्यतः नव्या शब्दांची. 'चार्ज'सारख्या मुरलेल्या नामांसाठी आधीची प्रत तितकीच कामाची. घेण्याआधी दुकानातच मागच्या पानांची बांधणी सैल झालेली नाही ना ते पाहा आणि 'सी'ची पानं शाबूत आहेत का ते मोजून घ्या.